थोरल्याच्या गळ्यातली घंटी

मेंढरांच्या कळपात घंटी कुणाच्या गळ्यात असते? कुणीही सांगेल, पुढच्या मेंढीच्या. चाकणपासून आत, कंपन्यांच्या पाठीमागं दबलेल्या आमच्या पिंपळओढ्यात मात्र घंटी असते सयाजी बरकड्याच्या गळ्यात. चांगली पितळी, मूठभर मोठी, जाड सुती दोरीत ओवलेली, दर सोमवारी चिंचेनं घासून लख्ख केलेली. रोज सकाळी आठच्या ठोक्याला तो आपली त्रेचाळीस मेंढरं घेऊन निघतो, घंटी टणटण वाजते आणि सगळ्या गावाला कळतं, निघाली स्वारी.

"हा मान हाय," सयाजी ज्याला त्याला सांगायचा. "बरकड्यांच्या घरात जो थोरला, त्याच्याच गळ्यात ही. पणज्यापास्नं. धाकट्यानं हात सुदिक लावायचा न्हाई."

ही गोष्ट त्या सयाजीची, आणि खरं सांगायचं तर सांगणाराही तोच. पण स्वतःच्या तोंडानं 'मी असा न् मी तसा' चालू केलं की त्याची बायको रंभा पदर तोंडाला लावून हसते. म्हणून 'तो' म्हणूनच सांगितलेलं बरं. हसायचं तेवढं त्याला हसा.

तर सयाजीचं शिक्षण आठवी. आठवी तो दोनदा बसला, म्हणजे त्याच्या हिशोबानं सोळावी झाली. त्याचा धाकटा भाऊ उद्धव आयटीआय करून भोसरीच्या वर्कशॉपात लागला, तिथंच फोरमन झाला, तिथंच घर केलं. लोक उद्धवला उद्धवराव म्हणायचे आणि सयाजीला नुसतं सयाजी. याचं सयाजीला काही वाटायचं नाही, असं तो दिवसातनं तीनदा सांगायचा.

"उद्धव नऊ तास उभा राहून एक बटन दाबतो," तो म्हणायचा. "मी नुसती काठी वर केली की चाळीस फुटी कंटेनर जागच्या जागी हुबा राहतो. आता तूच सांग, फोरमन कोण?"

खोटं नव्हतं ते. गावातनं गायरानात जायला मधला कंपन्यांचा रस्ता ओलांडावा लागतो. तिथं सयाजी काठी आडवी धरायचा, घंटी वाजवत मधोमध उभा राहायचा, आणि दोन्ही बाजूंनी कंटेनर, शिफ्टच्या बसा, टमटम, मोटारसायकली सगळं थांबायचं. मेंढरं तालात पलीकडं जायची. सयाजीला वाटायचं, ही सगळी सलामीच चाललीये.

सलामी त्याला सगळीकडंच दिसायची. चावडीजवळ गवराबाई भाजीची पाटी घेऊन बसते. घंटी ऐकू आली की म्हातारी लगबगीनं उठून उभी राहायची आणि पाटी उचलून ओट्यावर घ्यायची. रस्त्यापलीकडं एका कंपनीचं मोठं गेट आहे, आत हिरवळ, फुलझाडं. तिथला वॉचमन घंटी ऐकली की खुर्चीवरनं ताडकन उठायचा आणि गेट ओढून घ्यायचा.

"बसा, बसा राव," सयाजी मोठ्या मनानं हात करायचा. "रोज रोज उठाया पायजे असं न्हाई."

वॉचमन काही न बोलता कडी घालायचा.

आता त्या हिरवळीचं एक प्रकरण इथंच सांगून टाकू, नाहीतर पुढं कळायचं नाही. गेल्या खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होती. वॉचमनसकट सगळे आत पेढे खायला गेलेले, गेट सताड उघडं. सयाजी घंटी मुठीत धरून, आवाज न करता, अगदी सहज त्या बाजूनं चालला होता. पुढच्या अर्ध्या तासात त्रेचाळीस मेंढरांनी हिरवळ खाल्ली, शेवंती खाल्ली, गेटला बांधलेली झेंडूची माळ खाल्ली. मॅनेजर धावत आला तेव्हा सयाजी गेटाबाहेर आभाळाकडं बघत उभा होता.

"मेंढरं आपल्या पायानं गेली सायेब," तो म्हणाला. "मी त्यास्नी पायानं अडवू का?"

घरी येऊन रंभालाही त्यानं तेच सांगितलं. वर म्हणाला, "बरकड्यांच्या सात पिढ्यात कुणी दुसऱ्याच्या रानात मेंढरू घातलं न्हाई."

रंभा भाकरी थापत होती. "व्हय का?" एवढंच म्हणाली.

*

श्रावणात चावडीच्या भिंतीवर कागद लागला. गायरानाची जागा कंपन्यांच्या गाड्यांसाठी वाहनतळ म्हणून द्यायचा प्रस्ताव होता. कारण काय, तर 'सदर जमिनीचा चराईसाठी वापर होत असल्याचे दिसून येत नाही.' कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या, प्रांत मॅडम स्वतः चावडीवर येऊन सुनावणी घेतील.

सयाजीनं ते बोट लावून लावून वाचलं आणि मागं वळून आपल्या मेंढरांकडं पाहिलं. रोज तो ज्या जमिनीवर ही घेऊन जात होता, तिथं ती जात असल्याचं दिसून येत नव्हतं.

गायरान गेलं तर मेंढरं गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पूर्वी सुगी झाली की गावची सगळी रानं मेंढरांना मोकळी असायची. लोक बोलवून न्यायचे, दोन रात्री बसवा आमच्या रानात, लेंडीखत होईल, पायलीभर ज्वारी घेऊन जा. आता रानांना पत्र्याची कुंपणं आली, आत गोडाऊनं आली. उरलं होतं ते ओढ्यापासून म्हसोबाच्या टेकाडापर्यंतचं गायरान. तेवढंच.

चावडीसमोरच्या टपरीवर बबनराव चहा पीत होते. बबनराव म्हणजे पूर्वीच्या पाटलांचे वंशज. पाटीलकी गेली, पण बसायची पद्धत राहिली. वाहनतळाचा प्रस्ताव त्यांनीच लावून धरला होता.

"वाचलं का रं सयाजी?" बबनराव म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नको. पार्किंगात तुझ्या मेंढरांसाठी एक पट्टा आखून ठेवू. 'मेंढरू पार्किंग.' घंटी वाजवली की पावती फाडू."

टपरीवरचे सगळे हसले. इथं शहाण्या माणसानं गप बसून अर्ज लिहायला घेतला असता. सयाजीनं छाती पुढं काढली.

"बबनराव, आमच्या पणज्याला, भिवा बरकड्याला, या गायरानाची सनद मिळालीय. इंग्रजाच्या काळातली. ही घंटी त्या सनदेबरोबरच दिलेली. ट्रंकेत हाय कागद, मोडीत लिहिलेला. तुमच्या पणज्याची सही बी हाय त्याच्यावर!"

"मग आण की सुनावणीला."

"आणणारच! समद्या गावासमोर वाचून दाखवणार!"

कागद ट्रंकेत होता हे खरं. त्यावर खाली पाटलाची सही आहे, हे बापानं सांगितलेलं, तेही खरं. बाकी आत काय लिहिलंय हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मोडी वाचता येणारा माणूस बरकड्यांकडं कधी जन्मलाच नव्हता. पण तीस वर्षं सयाजी जत्रेत, लग्नात, टपरीवर, पंक्तीत त्या सनदेबद्दल बोलत होता, आणि दर वर्षी सनदेत आणखी चार एकर वाढत होते.

*

रविवारी उद्धव भोसरीहून मोटारसायकलवर आला. मागं त्याची पोरगी हर्षाली. हर्षाली पुण्यात वकिली शिकते आणि हौसेनं मोडीही शिकलेली. सयाजीनं तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

येताना उद्धव आणखी एक गोष्ट घेऊन आला होता. "दादा, राग मानू नको. आमच्या शेजारच्या कंपनीत वॉचमनची जागा हाय. खुर्ची हाय, पंखा हाय. मेंढरं ईक आणि चल."

"बरकडा थोरला आणि खुर्चीत बसून गेट उघडणार?" सयाजी म्हणाला. "आधी सनद ऐक. मग बोल."

ट्रंक उघडली. गाठोडं सुटलं. कागद पिवळा, घडीवर फाटत आलेला. हर्षालीनं तो पाटावर पसरला, मोबाईलच्या उजेडात डोळे बारीक करून बघू लागली. सयाजीनं घंटी गळ्यात घातली होती, टोपी बदलली होती. रंभा दारात बसली.

हर्षालीनं पहिली ओळ वाचली आणि थांबली. मग पुढचं मनातल्या मनात वाचलं. मग बापाकडं पाहिलं, आणि चुलत्याकडं वळली.

"तात्या, ही सनद न्हाईये."

"मग?"

"मुचलका आहे."

"म्हंजे मोठी सनद?"

"म्हणजे गुन्हा कबूल करून, परत असं करणार न्हाई, असं लिहून दिलेलं."

हर्षालीनं हळूहळू वाचायला घेतलं.

"मुचलका लिहून देणार भिवा बिन राणोजी बरकडा, धनगर, मौजे पिंपळओढा. कारणे मुचलका लिहून देतो ऐसा की, पाटलाचे घरी लग्न असता सारा गाव मांडवात जेवावयास होता, ते समयी मी आपली मेंढरे पाटलाचे हरभऱ्यात घातली. विचारिले असता, मेंढरे आपले पायी गेली, असे खोटे बोललो."

रंभानं पदर तोंडाला लावला.

"हा माझा गुन्हा चौथे खेपेचा," हर्षाली पुढं वाचत होती. "सबब पंचांनी ठरविले की, मी मेंढरे वहिवाटीप्रमाणे गायरानात, ओढ्यापासून म्हसोबाचे टेकाडापावेतो चारावी, त्यास कोणी हरकत करू नये. त्याचे बाहेर पाऊल घालू नये. मी कोठे आहे याची गावास खबर राहावी म्हणून मी आपले गळ्यात घंटी बांधून मेंढरांपुढे चालावे. माझे मागे माझे वंशी जो थोरला असेल, त्याणे तसेच चालावे. घंटीवाचून गायरानात गेल्यास चराईचा हक्क खारीज."

खाली भिव्याचा अंगठा होता. त्याखाली पाटलाची सही.

सयाजी खाली बघत होता. घंटी त्याच्या पोटावर टेकली होती, लख्ख, चिंचेनं घासलेली.

सगळ्यात आधी उद्धवला हसू फुटलं. "दादा! अरं मी सात वर्षांचा असताना या घंटीसाठी दोन दिस जेवलो नव्हतो! आबांनी मला काठीनं मारलं होतं, थोरल्याचा मान हाय म्हणून!" तो हसून हसून भिंतीला टेकला. "चोराच्या गळ्यातली घंटी! आरं देवा. वाचलो मी."

"हसू नको," सयाजी म्हणाला.

"मेंढरं आपल्या पायानं गेली," दारातनं रंभा म्हणाली. कुणाकडं न बघता. "रक्तातच हाय म्हणायचं."

*

सयाजी कागद चुलीत घालायला उठला. हर्षालीनं तो पटकन काढून घेतला.

"तात्या, जाळू नका. याच्याइतका चांगला पुरावा दुसरा न्हाई."

"कसला पुरावा? पणजा चोर व्हता त्याचा?"

"तुमच्या हक्काचा." ती मांडी घालून बसली. "आम्हाला कॉलेजात विलायतेतला जुना कायदा शिकवलाय. तिकडं पूर्वी गावंच्या गावं एकेका जहागीरदाराची असायची. त्याची कचेरी बसायची. सामाईक रानात कुणी किती मेंढरं घालायची, कधी घालायची, ते सगळं तिथं ठरायचं. काही ठिकाणी तर रात्री मेंढरं जहागीरदाराच्याच शेतात बसवावी लागायची, खतासाठी."

"किती पायल्या द्यायचा?" सयाजीनं विचारलं. दुःखात असला तरी धंद्याचं त्याला कळायचं.

"काहीच न्हाई. फुकट."

"मग तो आमच्या पाटलापेक्षा वाईट."

"ऐका तर. कुणी जास्त मेंढरं घातली, भलत्या रानात घातली, की कचेरीत त्याला दंड. आणि दंड वहीत लिहिला जायचा. पुढं शेकडो वर्षांनी भांडणं लागली, हे रान कुणाचं, चराईचा हक्क कुणाचा. हक्काचे कागद बऱ्याच जणांकडं नव्हतेच. दंडाच्या वह्या तेवढ्या राहिलेल्या. मग त्याच कामाला आल्या. 'पन्नासच्या वर घातली म्हणून दंड' असं लिहिलंय ना, म्हणजे पन्नासचा हक्क होता."

सयाजीनं थोडा विचार केला. "म्हंजे तिकडं बी बरकडे व्हते."

"होते तात्या. गावोगाव होते." हर्षाली हसली. "आता आपला कागद बघा. हरभऱ्यात घालू नको, असं सांगताना पंचांनी काय लिहिलं? वहिवाटीप्रमाणे गायरानात चार, कोणी हरकत करू नये. हद्द लिहिली. आणि खाली पाटलाची सही. तुमच्या सनदेत यापेक्षा जास्त काय असतं?"

"पण ते समद्या गावासमोर वाचायला लागंल."

"वाचावं लागेल."

"बबनरावासमोर."

"हो."

"टपरीवरचे बी येतील."

"तुम्हीच बोलावलंय त्यांना, तात्या."

सयाजीनं घंटी काढली, खुंटीला अडकवली. "मेंढरं ईक रं उद्धव," तो म्हणाला. "खुर्चीचा पगार किती हाय ते सांग. मी हे वाचू देणार न्हाई."

उद्धवचं हसू थांबलं. त्याला ते बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हर्षालीनं कागद घडी करून रंभाकडं दिला.

*

सोमवारी घंटी चिंच न लावता तशीच खुंटीला राहिली. गिऱ्हाईक येईपर्यंत मेंढरांना चारावं तर लागणारच होतं. सयाजी घंटीशिवाय निघाला.

चावडीपर्यंत मेंढरं कशीबशी आली आणि थांबली. पुढं टणटण नाही, मग जायचं कुणाच्या मागं? इकडं गवराबाई घंटी ऐकली नाही म्हणून निवांत पाठमोरी बसलेली. ती वळली तेव्हा मेथीच्या सहा जुड्या आणि अर्धी कोथिंबीर गेली होती.

"मेल्या, घंटी कुठाय तुझी?" म्हातारी ओरडली. "तीस वरीस मी घंटीवर पाटी उचलतीया! न सांगता आलास व्हय चोरावानी?"

चोर हा शब्द सयाजीला नेमका लागला. तो मेंढरं घेऊन तिथनंच माघारी फिरला. घरी त्यांना शेवग्याचा पाला टाकला.

मंगळवारी त्यानं नेट लावून रस्त्यापर्यंत हाकलली. काठी आडवी धरली. कंटेनर थांबले, पहिल्या शिफ्टची बस थांबली. मेंढरं रस्त्याच्या मध्यावर आली आणि तिथंच उभी राहिली. सयाजी पलीकडच्या कडेला, मेंढरं मधोमध, आणि त्रेचाळीस तोंडं त्याच्याकडं बघतायत. 'हुर्र' केलं, 'ख्यॅ ख्यॅ' केलं, शिट्टी घातली. एकही हललं नाही. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ.

शेवटी सयाजी बरकडा, वय वर्षं बावन्न, आठवी दोन वेळा पास, भर रस्त्यात उभा राहून तोंडानं ओरडायला लागला. "टण! टण! टण! टण!"

बसमधल्या पोरांनी मोबाईल बाहेर काढले. एका ड्रायव्हरनं खिडकीतनं डोकं काढून विचारलं, "काका, चार्जिंग संपली काय?"

म्हातारी पुढची मेंढी दोन पावलं आली. विचारात पडली. मग सगळा कळप घेऊन वळली आणि घराकडं चालू लागली.

एवढ्यात कंपनीचा वॉचमन धावत आला. परभणीकडचा माणूस, तीन वर्षांत पहिल्यांदाच बोलत होता. "काका, ते घंटी घालत जा की हो. आमाला कळंना झालंय गेट कवा लावायचं. खंडेनवमीपासून मॅनेजरची ऑर्डरच हाय, घंटी वाजली की पैलं गेट बंद."

सयाजी त्याच्याकडं बघतच राहिला. "म्हंजे तू उठून हुबा राहतोस ते…"

"गेट लावायला, काका."

परतीच्या वाटेवर सयाजी मेंढरांच्या मागनं चालला होता. पुढं चालणारा माणूस मागं चालला की त्याला गाव वेगळं दिसतं. गवराबाई उठते ती पाटीसाठी. शाळेच्या बाई मुलांना आत घेतात ते बागेचं फाटक लावायला. बबनरावांचा गडी परसाचं दार लावतो. इतकी वर्षं ज्याला तो मान समजत होता, तो सगळ्या गावाचा बंदोबस्त होता. आणि चोख होता. पणज्याला दिलेल्या शिक्षेची अंमलबजावणी शंभर वर्षांनंतरही इतकी कडक चालू होती की सरकारलाही जमलं नसतं.

तेवढ्यात त्याच्या मनात आलं, शिक्षा इतकी नीट चाललीये, म्हणजे तिच्याबरोबरचं गायरानही तितकंच नीट चाललंय.

घरी आल्यावर तो रंभाला म्हणाला, "अगं, चिंच भिजत घाल."

रंभानं चिंच सकाळीच भिजत घातलेली होती.

*

हर्षालीनं लिहिलेला हरकतीचा अर्ज सयाजीनं मुदतीत दिला, आणि सुनावणीला चावडी फुल्ल भरली. बबनरावांनी बोलावलेले आले, सयाजीनं बोलावलेले आले, आणि मंगळवारचा व्हिडिओ बघून शेजारच्या दोन गावांचे आले. प्रांत मॅडम मध्ये बसल्या. बाजूला कारकून. सयाजी घंटी घालून उभा राहिला.

"वकील आहे का?" मॅडमनी विचारलं.

"पुतणी हाय. पण कागद मीच वाचणार."

हर्षालीनं त्याला मुचलका देवनागरीत लिहून दिला होता, मोठ्या अक्षरात. बोट ठेवत ठेवत त्यानं वाचायला सुरुवात केली. 'पाटलाचे हरभऱ्यात' आलं आणि चावडी हसली. 'खोटे बोललो' आलं आणि गवराबाई म्हणाली, "आता कसं खरं बोललास!" 'गळ्यात घंटी बांधून' आलं आणि काय हशा झाला म्हणता, कारकुनाचा पेनसुद्धा खाली पडला. सयाजीचे कान लाल झाले होते, पण तो थांबला नाही. शेवटचं 'हक्क खारीज' वाचून त्यानं कागद टेबलावर ठेवला. मूळचा कागदही ठेवला.

"ही आमची सनद," तो म्हणाला. "जरा आगाऊ निघाली."

बबनराव डोळे पुसत उठले. "मॅडम, कागद खरा असंल. आमच्या पणज्याची सही म्या ओळखतो. हरभरा बी खरा असंल. पण याच्यात काय लिवलंय? घंटीवाचून गेला तर हक्क खारीज! आणि हा सयाजी सोमवार-मंगळवार बिनघंटीचा हिंडत होता. समद्या गावानं पाह्यलंय. व्हिडिओ हाय!" त्यांनी मोबाईल वर धरला. "म्हंजे हक्क गेला."

सयाजीचा हात घंटीवर गेला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हर्षाली उठली. "मॅडम, त्या दोन दिवशी मेंढरं गायरानात पोचलीच न्हाईत. घंटी नव्हती म्हणून एक दिवस चावडीवरून आणि एक दिवस रस्त्यातून माघारी फिरली. व्हिडिओत दिसतंय. घंटीवाचून ती जातच न्हाईत."

"मेंढरांनी मुचलका पाळला म्हणा," मॅडम म्हणाल्या. मग बबनरावांकडं वळल्या. "हे दोन दिवस सोडले तर?"

"सोडले तर काय?"

"बाकीच्या दिवशी घंटी वाजते?"

"रोज वाजती ओ!" बबनराव तापले. "लहान होतो तवापास्नं ऐकतोय. आधी ह्याचा बाप, आता हा. आठ वाजले की टणटण, संध्याकाळी गायरानातनं येताना परत टणटण. डोकं उठतं आमचं!"

मॅडमनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. मेंढरं रोज गायरानात जातात, लहानपणापासून, असं प्रस्ताव मांडणारे स्वतः सांगतात."

बबनरावांनी मोबाईल खाली घेतला. मग, पाटलाचंच रक्त ते, त्यांनी एकदम हसून हात जोडले. "घ्या. पणज्यानं सही केली, पणतवानं साक्ष दिली. सयाजी, हरभरा तेवढा परत कर मर्दा."

*

दिवाळीच्या आधी निकाल आला. ओढ्यापासून म्हसोबाच्या टेकाडापर्यंतचं गायरान वाहनतळाच्या प्रस्तावातून वगळलं होतं. हर्षालीनं फोनवर सगळं वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळीला तिला हसू आवरेना.

"तात्या, ऐका. 'चराईची वहिवाट सदर मुचलक्यातील अटींसह पूर्ववत चालू राहील.' अटींसह! म्हणजे घंटी आता सरकारी झाली."

पाडव्याला उद्धव घरच्यांना घेऊन आला. मेंढरांना गेरूचे पट्टे ओढले होते, शिंगांना फुगे बांधले होते. निघायच्या वेळी सयाजीनं घंटी गळ्यातनं काढून भावापुढं धरली.

"घे. सात वर्षांचा असताना उपाशी राहिलेलास ना. आज तू घाल."

उद्धवनं घंटी हातात घेतली, वजन बघितलं, हलवून टणटण ऐकली. क्षणभर त्याचा चेहरा सात वर्षांचा झाला. मग त्यानं ती परत सयाजीच्या गळ्यात घातली.

"नको दादा. कागदात थोरला लिहिलाय. चुकून मी घातली तर हक्क खारीज व्हायचा." आणि हसला. "शिवाय चोर तू हायस."

सयाजी निघाला. गवराबाईनं पाटी उचलून ओट्यावर घेतली. बबनरावांच्या गड्यानं परसाचं दार लावलं. रस्त्यावर कंटेनर थांबला, आणि पलीकडं वॉचमन ताडकन उठला, गेट ओढलं, कडी घातली, वर कुलूपही लावलं.

आता सगळं ठाऊक होतं, तरी सयाजीनं मान ताठ केली आणि मोठ्या मनानं हात वर केला.

"बसा, बसा राव," तो म्हणाला. "सरकारी काम हाय. चालू द्या."